जांभळाचा पंचनामा

दारू गाळायला काय काय सामान लागतं हे तेलंगणातल्या गुडीहत्नूरमध्ये तोंडपाठ असलेला एकच माणूस होता, आणि त्यानं जन्मात दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता.

नागसेनबाबू वाठोरे आबकारी खात्यात चौतीस वर्षं कारकून होते. साहेब छापा घालायचे, शिपाई मडकी फोडायचे आणि बाबू एखाद्या दगडावर टेकून पंचनामा लिहायचे. पत्र्याचा डबा एक, अंदाजे वीस लिटरचा, काळवंडलेला. मातीचं मडकं एक, तळाला तडा. सायकलची जुनी ट्यूब, दोन हात. कुजका गूळ, नवसागराची पुडी. मग मालाचे दोन नमुने घ्यायचे, एक तपासणीला पाठवायला आणि एक दफ्तरात ठेवायला. बाटलीला बूच, बुचावर सुतळी, सुतळीवर तापवलेली लाख आणि लाखेवर पितळी शिक्का. खाली दोन पंचांच्या सह्या, आणि सगळ्यात शेवटी ते ठरलेलं वाक्य, 'उरलेला माल जागीच नष्ट केला.' हे सारं तेलुगूत लिहायचं, कारण सरकार तेलुगूत वाचतं.

रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण जित्याची खोड अशी सहजी जात नाही. निरोपसमारंभात सोबत्यांनी 'ना. वा.' अशी अक्षरं कोरलेला पितळी शिक्का भेट दिला होता, आणि भेट दिलेली वस्तू वापरली पाहिजे असं बाबूंचं मत होतं. बायकोनं, सुवर्णाबाईंनी, लोणचं घातलं की बरणीला सुतळी आणि लाख. एकुलती लेक प्रीती परभणीला अन्नतंत्रज्ञान शिकत होती, तेव्हा तिच्याकडं जाणारा चिवड्याचा डबाही लाखबंद जायचा आणि होस्टेलच्या पोरी तो फोडायला बत्ता घेऊन बसायच्या. एकदा दुधात पाणी आहे असा संशय आला, तर बाबूंनी दुधाचे दोन नमुने घेतले. एक गवळ्याच्या तोंडापुढं धरला आणि दुसरा फ्रिजमध्ये ठेवला. सुवर्णाबाईंनी चुकून त्या दुसऱ्या नमुन्याचा चहा केला, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता.

अशा घरात मे महिन्याच्या शेवटी प्रीतीनं बॉम्ब टाकला.

पदवी घेऊन वर्ष झालं होतं. पोरगी अर्ज करून करून थकली होती आणि गल्लीतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेऊन दिवस ढकलत होती. आता नाशिककडच्या एका वायनरीत शिकाऊ म्हणून दोन जागा निघाल्या होत्या. मुलाखतीला येताना आपल्या भागातल्या फळाची, स्वतः घरी केलेली वाइन आणायची, सोबत रोजची लेखी नोंद आणायची, अशी त्यांची अट होती. तारीख वीस ऑगस्ट.

"म्हंजे दारू?" बाबूंनी विचारलं.

"वाइन, बाबा. जांभळाची."

"नाव बदललं म्हून कलम बदलत नाही."

बाबू दर रविवारी विहारात पंचशील म्हणत. पाचवं शील, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं, ते इतरांपेक्षा अर्धी पट्टी वर म्हणत, कारण आपण ते नोकरीतसुद्धा पाळलं याचा त्यांना अभिमान होता. हाताखालून हजारो लिटर गेली, पण शर्टाला वास लागू दिला नाही. आता आपल्याच घरात माल तयार करायचा आणि वर पोरीनं त्याच धंद्यात पोट भरायचं? बाबूंनी पेपर उघडला आणि एकाच पानावर पाऊण तास डोळे लावून बसले. त्या पानावर टायरची जाहिरात होती.

शेवटी सुवर्णाबाईंनी लाटणं खाली ठेवलं.

"मी एक बोलू का? तुमची भाकर चौतीस वर्षं दारूवरच तं चालली. लोकायनं गाळली नसती तं तुमाले पगार कोणं देल्ला असता?"

"मी ते बंद करत होतो!"

"अन् झाली का बंद?"

प्रीती पुढं सरकून बसली. "बाबा, तिथं पेत नसते कोणी. चाखायचं अन् थुकून टाकायचं. थुकायचा पगार देते ते. मी कवाच गिळणार नाही, तुमाले शब्द देतो." वऱ्हाडाकडच्या पोरी 'देतो' म्हणतात तशी ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "वर्षभर घरी बसून राह्यली मी. लोकं विचारते, लेकीनं शिकून काय केलं? मले तेवढं एकदा जाऊन पाहू द्या."

बाबूंना पोरीच्या डोळ्यातलं पाणी सोसत नसे. पण नुसतं 'जा' म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, "परवानगी लेखी पायजे. कागदाबिगर घरात साखरेचा दाणाबी येणार नाही. अन् मी हात लावणार नाही, फक्त देखरेख."

दुसऱ्या दिवशी बाबू इस्त्रीचा शर्ट घालून आदिलाबादला आपल्या जुन्या ऑफिसात गेले. खुर्चीवर नव्या मॅडम होत्या. त्यांनी तेलुगूत अदबीनं विचारलं, "बाबूगारू, तुमची पेन्शन अडली का?"

"नाही मॅडम. मला घरी वाइन करायची आहे."

मग मागच्या टेबलावर कुणाला तरी जोराचा ठसका लागला. असा अर्ज कोणत्या नमुन्यात घ्यायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण आजवर वाइन करणारा माणूस आधी सांगायला आलाच नव्हता. शेवटी बाबूंनीच मसुदा सांगितला, मॅडमनी वायनरीचं पत्र दोनदा वाचलं आणि कागद तयार झाला. दहा लिटरपर्यंत, शिक्षणापुरतं, आणि विक्री नाही, एवढ्या अटी मॅडमनी घातल्या. 'नमुना काढल्यावर उरलेला माल पंचांसमक्ष नष्ट करावा' ही अट बाबूंनी स्वतः सांगून घालून घेतली.

"हे काऊन लिहून आणलं बाबा?" प्रीतीनं कपाळाला हात लावला.

"कागद पुरा पायजे," बाबू म्हणाले. "अर्धा कागद अन् अर्धं धोतर, दोन्ही सारखंच."

सामान जमवायची वेळ आली तेव्हा बाबूंचा खरा गोंधळ उडाला. त्यांच्या डोक्यातली यादी वेगळी, लेकीच्या कागदावरची वेगळी. खाद्यपदार्थ ठेवायच्या प्लास्टिकची झाकणाची बादली, वीस लिटर. तेवढ्याच मापाची अरुंद तोंडाची काचेची बरणी. तिच्या तोंडात बसणारं रबरी बूच, आणि त्या बुचात बसवायचं, पाणी भरलेलं, वाकडं नळकांडं. गाळायला मलमलचं फडकं, ओतून घ्यायला स्वच्छ नळी, ढवळायला लांब दांड्याचा चमचा. वाइनचं खास यीस्ट, पाच ग्रॅमची पुडी. साखर अडीच किलो. लिंबं. आणि भांडी निर्जंतुक करायची पांढरी भुकटी.

"एवढं धुवायचं?" तिसऱ्यांदा बादली धुणाऱ्या प्रीतीकडं पाहत बाबू म्हणाले. "आमच्या एकाबी आरोपीनं कवा भांडं धुतलेलं म्या पाह्यलं नाही. एकदा मडक्यात बेडूक भेटला होता. त्याचीबी नोंद केली होती, जिवंत, एक."

सामानात एक गोष्ट मात्र त्यांच्या ओळखीची निघाली. काचेचं तरंगतं नळकांडं, आत आकड्यांची पट्टी. बाबूंनी ते पेटीतून उचललं आणि त्यांचा चेहराच पालटला. "हायड्रोमीटर! हे तं आपलं हाय!" ऑफिसातलं दारू मोजायचं होतं आणि हे रसातली साखर मोजायचं, असं प्रीतीनं समजावलं. साखर संपत जाते तसा आकडा खाली येतो, आणि तो खाली येऊन थांबला म्हणजे वाइन झाली. बाबू मान डोलावत राहिले. हात लावणार नाही म्हणणाऱ्या माणसानं ते नळकांडं संध्याकाळपर्यंत हातातून सोडलं नाही.

जांभळं पिकायला अजून अवकाश होता, म्हणून आधी सफरचंदावर हात बसवायचं ठरलं. सफरचंदाच्या रसाची होते ती सायडर, ती लवकर होते आणि चुकली तरी जीव हळहळत नाही. आदिलाबादच्या बाजारातून चार किलो सफरचंदं आली. त्यांच्यावरचं मेण कोमट पाण्यानं घासून काढलं, रस काढला, यीस्ट टाकलं. पण वाकडं नळकांडं तोवर पार्सलात अडकलं होतं, म्हणून बरणीच्या तोंडाला नुसतं फडकं बांधलं. दोन आठवड्यांनी बाबूंचे दोस्त सुधाकरराव चाखायला हजर झाले. सुधाकरराव कापूस-ज्वारीवाले शेतकरी, बांधावर जांभळाची दोन झाडं राखून होते, आणि फळ आपलं आहे तर रसावर थोडा हक्क आपलाही, असा त्यांचा सरळ हिशोब होता. कुणी नको म्हणायच्या आत त्यांनी अर्धा पेला एका दमात घशाखाली घातला.

"काय हो सुधाकरराव, कशी हाय?"

सुधाकररावांचा एक डोळा मिटला होता आणि दुसऱ्यातून पाणी येत होतं. "बाबू," पेला खाली ठेवत ते म्हणाले, "हे तं कांद्यावर टाकायचं हाय."

सायडरला हवा लागली होती. हवेतनं चिलटं आली आणि सगळ्याचा सिरका झाला. सुवर्णाबाईंनी तो खरोखरच कांद्यावर घातला. पण बाबूंनी त्यावरून जो धडा घेतला तो पक्का घेतला: हवा ही वाइनची वैरीण. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यातली गत.

जूनच्या मध्याला सुधाकररावांनी जांभळाच्या दोन टोपल्या आणून टाकल्या. सगळ्यांनी मिळून बिया काढल्या. बोटं जांभळी, ओट्याची फरशी जांभळी, आणि सुधाकररावांची जीभ तर आधीपासूनच जांभळी. गर, साखर, उकळून निववलेलं पाणी, लिंबाचा रस, असं सगळं बादलीत पडलं आणि यीस्ट टाकल्यावर दुसऱ्या दिवशी बादलीत रटरट सुरू झाली. सहाव्या दिवशी मलमलीतून गाळून रस काचेच्या बरणीत भरला. या वेळी वाकडं नळकांडं वेळेवर हजर होतं. त्यातल्या पाण्यातून आतला वायू बुडबुड करत बाहेर पडे आणि बाहेरची हवा आत शिरत नसे.

बाबूंनी बरणीपुढं खुर्ची टाकली. लेखी नोंद त्यांच्याकडंच होती. घड्याळ लावून बुडबुडे मोजायचे, सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला. नोंद कोणत्या भाषेत लिहायची असं त्यांनी विचारलं तेव्हा प्रीती हसली. "मराठीतच ना बाबा, नाशिकले चालली ती." चौतीस वर्षांत बाबूंनी आपल्या मायबोलीत पंचनामा लिहिला नव्हता. पहिल्या ओळीला त्यांचा हात जरा अडखळला, मग सुटला.

'बरणी काचेची, एक. आत जांभळ्या रंगाचा द्रव, अंदाजे दहा लिटर. वास गोड, चांगला. मिनिटाला बुडबुडे बेचाळीस. आरोपी: कु. प्रीती नागसेन वाठोरे, वय तेवीस, राहणार सदर घरीच. आरोपीची वागणूक शांत. आरोपीने दुपारी जेवण केले नाही.'

"बाबा, हे जेवणाचं काऊन लिहिलं?"

"जे दिसलं ते लिहायचं."

तीन आठवडे घरात तोच विषय. बुडबुडे चाळिसावरून तिसावर, मग वीसवर आले. सुधाकरराव रोज येऊन 'झाली का?' विचारत आणि 'नाही' ऐकून चहावर भागवत. विहारात पाचव्या शीलाला बाबूंचा आवाज अर्धी पट्टी खाली यायचा. एकदा त्यांनी ते म्हणताना डोळेच मिटून घेतले. पण घरी आल्यावर चपला काढायच्या आधी बरणीकडं नजर जायची. पोरगी सकाळी उठून गाणं गुणगुणायला लागली होती, हेही त्यांनी नोंदीत लिहिलं होतं.

जुलैच्या दहा तारखेला सकाळी नाशिकहून निरोप आला. मुलाखत वीस ऑगस्टला नाही, याच महिन्याच्या बारा तारखेला. येणं जमत नसेल तर कळवावं.

प्रीतीनं हायड्रोमीटर रसात सोडला. नव्वदवर निघालेला आकडा बारावर आला होता. शून्याच्या आसपास थांबायला हवा. "अजून साखर हाय. काम चालू हाय आतमधी," ती म्हणाली. "पण कच्ची तं कच्ची. चवीवरून पुढं कशी होईल ते ओळखते ते लोकं. उद्याची गाडी हाय, जातो मी."

निर्णय झाला आणि घर कामाला लागलं. नळी लावून वरचं निवळ एका बाटलीत उतरवलं, पाऊण लिटर. रंग असा आला होता की सुवर्णाबाईंनी ती बाटली खिडकीपाशी नेऊन उजेडात दोनदा फिरवून पाहिली. आता प्रश्न उरला बाकीच्या मालाचा. कागदात लिहिलं होतं ते स्पष्ट होतं.

"बाबू, पाया पडतो," सुधाकरराव खरोखर वाकले. पंच म्हणून त्यांनाच बोलावलं होतं. "नऊ लिटर! माह्या झाडाची! एक तांब्या तरी ठेवा."

"पंचानं मालावर नजर ठेवायची नसते."

"मंग कशावर ठेवायची?"

हा वाद परसात बराच रंगला. प्रीती मोरीवर बादली धूत होती, आणि तेवढ्या वेळात बाबूंच्या हातांनी आपलं नेहमीचं एक काम सवयीनं उरकून घेतलं. त्यांचं स्वतःचं तिकडं फारसं लक्ष नव्हतं, कारण कानाशी सुधाकररावांच्या विनवण्या चालू होत्या. मग बरणी उचलली आणि लिंबाच्या झाडाच्या बुडाशी ओतली. सुधाकररावांनी तोंड फिरवलं. सुवर्णाबाईंनी दुसरी पंच म्हणून सही केली.

"बाबा, मी आदिलाबादहून बर्फाचा डबा अन् तिकीट घेऊन येतो," प्रीतीनं बाटलीच्या तोंडात कापसाचा बोळा सैल बसवला. "बाटली सांभाळा. चिलटं बसू देऊ नका."

ती गेली. बाटली टेबलावर होती, तोंडाला नुसता कापूस. बाबू तिच्यापुढं बसले. कापूस! सायडरचं काय झालं होतं? ही बाटली म्हणजे पोरीचं वर्ष, तिची झोप, तिची न जेवलेली दुपार. ती नाशिकला साहेबांच्या टेबलावर ठेवायची आणि तोंडाला जखमेसारखा कापूस? त्यांना ते बघवेना. त्यांनी कपाटातून बूच काढलं आणि तळहातानं दाबून पार आत बसवलं. त्यावर सुतळीचे चार वेढे, गाठ. मेणबत्तीवर लाख तापवली आणि लाल थेंब एकसारखे, एकावर एक सोडले. मग 'ना. वा.' चा शिक्का, तीन मोजेपर्यंत दाबून. इतकं देखणं सील त्यांच्या हातून उभ्या नोकरीत झालं नव्हतं. लेकीच्या प्रवासाच्या पिशवीत, तिच्या दोन ड्रेसांच्या मधोमध त्यांनी बाटली निजवली, पिशवी खिडकीपाशी ठेवली आणि समाधानानं जेवायला बसले.

आत काम चालू होतं, हे पोरीनं सकाळी सांगितलं होतं. वायूला जायला वाट हवी, हे तीन आठवडे बुडबुडे मोजणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं. पण हातांना बुडबुडे ठाऊक नव्हते, त्यांना फक्त सील ठाऊक होतं.

दुपारी ऊन तापलं, आणि तीनच्या सुमाराला धडाम् झालं. हायवेवर कुठल्या ट्रकचं टायर फुटलं म्हणून शेजारीपाजारी बाहेर धावले. बाबू आतल्या खोलीत धावले. बाटलीच्या चिंधड्या झाल्या होत्या. प्रीतीचा मुलाखतीचा पिवळा ड्रेस जांभळा, खिडकीचा पडदा जांभळा, आणि पांढऱ्या भिंतीवर छतापर्यंत गेलेला एक मोठा जांभळा डाग, त्याच्या मधोमध लाखेचा लाल तुकडा चिकटलेला. त्यावर 'ना. वा.' ही अक्षरं मात्र स्वच्छ उमटलेली होती.

सुवर्णाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी वाकून काचा वेचायला सुरुवात केली, आणि बाबूंना त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

प्रीती साडेचारला आली. हातात बर्फाचा डबा, त्यावर ठेवलेलं तिकीट. तिनं भिंत पाहिली, पिशवी पाहिली, आणि डबा मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेवर बसली. रडली नाही.

"माह्याच हातानं झालं," बाबू म्हणाले. "तू कापूस लावला होता. म्या सील केलं. तुह्यासाठीच केलं पोरी, पण म्याच केलं."

"जाऊ द्या बाबा," प्रीती म्हणाली. "पुढच्या वर्षी जांभळं येतेच." आणि मग ती खरंच रडायला लागली.

बाबूंना काय करावं सुचेना. असं काही सुचेनासं झालं की ते एकच गोष्ट करत. त्यांनी नोंदवही ओढली, पेन काढलं आणि लिहू लागले. 'दि. दहा जुलै. सदर मालातून पंचांसमक्ष दोन नमुने घेण्यात...'

पेन थांबलं.

बाबूंनी लिहिलेलं पुन्हा वाचलं. दोन. हात खोटं लिहीत नव्हता. चौतीस वर्षांत त्या हातानं कधी एकच नमुना घेतला नव्हता. परसातला वाद डोळ्यांपुढं आला, सुधाकररावांची वाकलेली पाठ, आणि खोकल्याच्या औषधाच्या, उकळून ठेवलेल्या रिकाम्या बाटलीत नळीचं टोक धरलेली आपली बोटं.

"फ्रिज!" ते ओरडले आणि धोतर सावरत स्वयंपाकघराकडं पळाले.

कोथिंबिरीच्या जुडीमागं ती उभी होती. दोनशे मिलीची तपकिरी बाटली, चिठ्ठीवर बाबूंचं वळणदार अक्षर, 'नमुना क्र. २, दफ्तरी ठेवण्यासाठी.' झाकण फिरकीचं होतं आणि गारठ्यात आतलं काम झोपी गेलं होतं. प्रीतीनं झाकण हलकेच सैल केलं. फुस्स असा बारीक आवाज आला. तिनं वास घेतला, थेंबभर जिभेवर घेतला, मोरीत थुंकला आणि बापाकडं पाहिलं.

"चालते, बाबा! त्यायले तं तीन चमचेच लागते!"

"पाहा," सुवर्णाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "अन् मी या माणसाच्या नमुन्याचा चहा केला होता."

बाटली बर्फात उभी राहिली, झाकण सैल. बाबूंनी हात पाठीमागं बांधून घेतले होते आणि सुधाकरराव ते सुटू नयेत म्हणून शेजारी उभे होते. दुसऱ्या दिवशी आईचा निळा ड्रेस बाह्या आखूड करून घालून प्रीती गाडीत बसली. नोंदवही तिच्या पिशवीत होती.

फोन तेरा तारखेला आला. प्रीती इतक्या भरभर बोलत होती की बाबूंनी तिला दोनदा थांबवलं. वाइन कच्ची आहे म्हणाले, पण नाकाला चांगली आहे म्हणाले. बाकीच्यांनी नोंदी आणल्या होत्या त्या चार पानांच्या. हिची वही त्यांनी टेबलाभोवती फिरवली, दिवसातून तीनदा मोजलेले बुडबुडे, फुटलेली बाटली, नष्ट केलेले नऊ लिटर, सगळं खरं खरं. मोठ्या साहेबांनी 'आरोपीने जेवण केले नाही' मोठ्यानं वाचलं, हसले, आणि मग वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. शेवटी विचारलं, हे लिहिणारं कोण?

"तू काय सांगतलं?"

"सांगतलं, माहे बाबा आबकारीत होते. चौतीस वर्षं." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बाबा, मले ठेवून घेतलं. एक तारखेपासून."

बाबूंनी फोन सुवर्णाबाईंकडं दिला आणि ते रिकाम्या बरणीपुढच्या खुर्चीत जाऊन बसले.

दसऱ्याला प्रीती आठ दिवसांच्या रजेवर घरी यायची होती. त्याआधी रंगारी आणून ती भिंत पांढरी करून घ्यावी असं सुवर्णाबाईंनी सांगितलं. नव्हे, तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर रंगारी चुन्याची बादली घेऊन दारात आला तेव्हा बाबू आतल्या खोलीच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. डागाच्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर तारीख, वेळ, मालाचं वर्णन आणि खाली शेवटच्या वाक्याची जागा. तिथं सवयीनं 'उरलेला माल जागीच नष्ट' इतकं लिहून झालं होतं. ते एका रेघेनं खोडलं होतं आणि पुढं लिहिलं होतं, 'आरोपी नाशिकला कामावर रुजू.'

"सरका बाजूले," सुवर्णाबाई म्हणाल्या. "पाव्हणे येतीन. ते भूत कायले ठेवता भिंतीवर?"

"त्याले हात लावायचा नाही," बाबू म्हणाले. "तो मुद्देमाल हाय."

रंगाऱ्यानं बाकीच्या तीन भिंती रंगवल्या आणि गेला.